बी-स्कूलचा अर्ज गर्दीत ओळखू येईल असा कसा करायचा? पहिल्यांदा अप्लाय करणाऱ्यांसाठी

मी एमबीएसाठी दोनदा अप्लाय केलं. पहिल्या वर्षी चार स्कूल्स, चारही ठिकाणी नकार, त्यातल्या तिघांनी तर इंटरव्ह्यूलाही बोलावलं नाही. दुसऱ्या वर्षी स्कोअर तोच, नोकरी तीच, बॉसही तेच, आणि दोन ठिकाणी ॲडमिशन मिळालं. मधल्या काळात मी कुठला पराक्रम गाजवला नव्हता, फक्त अर्ज पूर्ण उलगडून परत बांधला होता. तेव्हापासून ओळखीच्या आणि ओळखीच्यांच्या ओळखीच्या बऱ्याच जणांचे ड्राफ्ट वाचून दिलेत, आणि प्रत्येकाला तेच तेच सांगावं लागतं म्हणून आता सगळं एका जागी लिहून ठेवतेय.

पहिल्या नकारांनंतर मला एक ताई भेटल्या, त्या शिकत असताना त्यांच्या स्कूलच्या ॲडमिशन ऑफिसला अर्ज वाचायला मदत करायच्या. त्यांनी माझी फाईल वाचली आणि एवढंच विचारलं, "हे वाचणारा माणूस उद्या कमिटीत बसणार, त्याच्यापुढे शेकडो फाईली आहेत, तुझ्याबद्दल तो दोन वाक्यं बोलणार. कुठली?" मला काही सुचेना. म्हणजे मी हुशार आहे, मेहनती आहे, टीम लीड केली आहे हे सगळं होतं त्यात, पण ते तर सगळ्यांच्याच फाईलमध्ये असतं ना.

तर हा सगळा लेख त्या दोन वाक्यांबद्दल आहे. फाईल बहुतेक ठिकाणी एकाहून जास्त माणसं वाचतात आणि मग चर्चा होते, त्या चर्चेत तुम्ही नसता. जो तुमच्या बाजूने बोलणार आहे त्याच्या हातात काहीतरी धरण्यासारखं द्यायचं, बस.

पायरी १: निर्णयांची यादी (इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा)

निबंध लिहायला बसू नका, रेझ्युमे उघडू नका. एक वही घ्या आणि गेल्या पाच-सहा वर्षांतले असे प्रसंग लिहा जिथे तुम्ही काहीतरी ठरवलं आणि तुम्ही नसता तर ते तसं झालं नसतं. मोठे छोटे सगळे. पंधरा-वीस तरी निघायला हवेत. नोकरीतलेच पाहिजेत असं अजिबात नाही, घरातलं आजारपण, कॉलेजमधलं नाटक, धाकट्या भावाला शिकवणं, बंद पडत आलेला एखादा ग्रुप चालू ठेवणं, काहीही. प्रत्येकापुढे तीन गोष्टी लिहायच्या, दुसरा कुठला मार्ग होता, मी हाच का घेतला, आणि त्यातलं काय चुकलं.

"काय चुकलं" हा रकाना लोक रिकामा सोडतात आणि खरा माल नेमका तिथेच असतो.

माझ्या एका मित्राचं उदाहरण देते, पुढे पण सगळीकडे तेच वापरणारे. हा एका गोदामांच्या कंपनीत ऑपरेशन्समध्ये. त्याची पहिली फाईल वाचून निघणारी दोन वाक्यं अशी होती: "इंजिनिअर आहे, चार वर्षं ऑपरेशन्स केलंय. कन्सल्टिंगमध्ये जायचंय." असे किती जण असतील विचार करा. मग त्याने यादी केली, आणि सातव्या की आठव्या नंबरवर एक ओळ होती, "स्कॅनरवाला घोळ". मी म्हटलं हे काय आहे, तर तो म्हणाला सोड गं, ते लिहिण्यासारखं नाही. खूप खोदून विचारल्यावर सांगितलं. त्यांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये नवीन टचस्क्रीनवाले स्कॅनर आणले होते, आणि ते निवडणाऱ्या टीममध्ये हा स्वतः होता. दोन महिन्यांनी बघतात तर रात्रपाळीची माणसं स्कॅनर वापरतच नव्हती, कागदावर लिहून सकाळी एंट्री मारत होती. वरून आलं की दंड लावा. हा तीन रात्री तिथे जाऊन उभा राहिला आणि त्याच्या लक्षात आलं की जाड हातमोजे घालून टचस्क्रीन चालत नाही, प्रत्येक पेटीला हातमोजा काढायचा आणि परत घालायचा, त्या थंडीत कोण करणार? मग याने मीटिंगमध्ये सांगितलं की मशीन निवडताना मीच चुकलो, एकदाही आत जाऊन बघितलं नव्हतं, आणि कोल्ड स्टोरेजपुरते जुने बटणवाले स्कॅनर परत आणायला लावले.

आता दोन वाक्यं बघा. "स्वतः निवडलेली मशीन्स का चालत नाहीत हे बघायला हा तीन रात्री कोल्ड स्टोरेजमध्ये उभा राहिला. मग सगळ्यांसमोर स्वतःची चूक कबूल करून ती बदलून घेतली." हा माणूस विसरला जात नाही. आणि त्याने काही एव्हरेस्ट चढलेलं नव्हतं हे लक्षात घ्या. नवीन मुलं मला सारखी विचारतात की माझ्याकडे काही वेगळं नाहीये, स्टार्टअप नाही, मेडल नाही, आता मी काय लिहू. असतं हो, "लिहिण्यासारखं नाही" म्हणून तुम्हीच बाजूला ठेवलेलं असतं.

यादीतून तीन-चार प्रसंग निवडा जे एकमेकांना धरून आहेत. माझ्या मित्राच्या बाकीच्या प्रसंगांतही तेच दिसत होतं, काम जिथे होतं तिथे जाऊन बघणं. मग कन्सल्टिंग आपोआप मागे पडलं आणि त्याने लिहिलं की हाताने काम करणाऱ्या माणसांसाठी अवजारं आणि उपकरणं बनवणाऱ्या कंपनीत प्रॉडक्टवर काम करायचंय. ध्येय आधी शोधून त्याला गोष्ट चिकटवली नाही, यादीतूनच ते निघालं, म्हणून पुढे इंटरव्ह्यूत त्याला त्यावर बोलताना अडखळायला झालं नाही.

पायरी २: कॅलेंडर

मोठ्या स्कूल्समध्ये अर्ज घेण्याचे साधारण तीन राउंड असतात, पहिला सप्टेंबर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला, दुसरा जानेवारीच्या सुरुवातीला, तिसरा मार्च-एप्रिलकडे. फ्रान्समधल्या इन्सियाडसारख्या ठिकाणी वर्षात दोन इनटेक, म्हणजे दोन नव्या बॅच असतात आणि प्रत्येकाचे वेगळे राउंड. तारखा दरवर्षी थोड्या हलतात, स्कूलच्या साईटवरूनच बघा. पहिल्या-दुसऱ्या राउंडमध्ये फार फरक मानू नका, तयार असाल त्यात भरा, पण तिसऱ्यात जागा कमी उरलेल्या असतात आणि बाहेरदेशी जायचं असेल तर व्हिसाची पण धावपळ होते, म्हणून पहिल्यांदा करणाऱ्यांनी तो शक्यतो टाळावा.

पहिला राउंड धरायचा असेल तर वर्षाच्या सुरुवातीला परीक्षेचा अभ्यास, उन्हाळ्यापर्यंत स्कोअर हातात, आणि शेवटचे तीन महिने फक्त निबंध आणि शिफारसपत्रं. मी पहिल्या वर्षी परीक्षा दिली ऑगस्टमध्ये, आणि निबंधांना उरले तीन आठवडे. चार स्कूल्सचे निबंध तीन आठवड्यांत, नोकरी सांभाळून. ते वाचवत नाहीत आता.

पायरी ३: परीक्षा

हे पटकन उरकते कारण यावर माहिती भरपूर मिळते. जीमॅट या बी-स्कूल प्रवेश परीक्षेचं जुनं रूप जानेवारी २०२४ अखेर बंद झालं. आताच्या परीक्षेत क्वांट (गणित), व्हर्बल (इंग्रजी वाचन आणि तर्क) आणि डेटा इनसाइट्स (तक्ते-आकडे वाचून उत्तरं) असे तीन भाग, प्रत्येकी ४५ मिनिटं, एकूण ६४ प्रश्न, निबंध नाही. स्कोअर २०५ ते ८०५ मध्ये येतो आणि शेवटचा आकडा नेहमी ५. जुन्या स्कोअरशी सरळ तुलना करू नका, आताचा ६४५ हा साधारण जुन्या ७०० च्या जागी बसतो, त्यामुळे एखादा दादा म्हणाला की "माझे ७२० होते" तर घाबरून जाऊ नका. जीआरई पण जवळपास सगळीकडे चालते, तीही सप्टेंबर २०२३ पासून छोटी झालीय, दोन तासांच्या आत संपते. दोन्हींचे स्कोअर पाच वर्षं चालतात.

दोन्हींचा एकेक मॉक देऊन बघा, जी बरी जाईल ती धरा. स्कूलच्या साईटवर क्लास प्रोफाईल, म्हणजे बॅचची माहिती असते, त्यात सरासरी किंवा मिडियन (मधला) स्कोअर दिलेला असतो, त्याच्या आसपास पोचलात की थांबा. दहा-वीस मार्कांसाठी तिसऱ्यांदा बसणारे लोक बघितलेत मी, तोच वेळ निबंधांना दिला असता तर जास्त उपयोग झाला असता. हां, क्वांट खूपच कमी असेल आणि कॉलेजमध्ये गणिताशी कधी संबंध आला नसेल तर मात्र परत बसा, किंवा स्टॅटिस्टिक्स, अकाउंटिंगचा एखादा ग्रेड मिळणारा ऑनलाईन कोर्स करून तो अर्जात दाखवा. तिकडे वर्गात झेपेल की नाही हा प्रश्न वाचणाऱ्याला पडतोच.

पायरी ४: स्कूल निवडणं

रँकिंग बघून वरची पाच नावं उचलायची, ही चूक जवळजवळ प्रत्येक जण करतो. मी पण केली. स्कूल्स आतून खूप वेगवेगळी असतात. हार्वर्डमध्ये शिकवणं बहुतांश केस मेथडवर, म्हणजे कंपन्यांच्या प्रसंगांवर चर्चा करत, त्यामुळे वर्गात बोलावंच लागतं, आणि बॅच नऊशेच्या वर. स्टॅनफर्डची बॅच त्याच्या निम्म्याहून कमी. इन्सियाडचा कोर्स दहा महिन्यांचा, म्हणजे ज्याला करिअर पूर्ण बदलायचंय आणि मधे लांब इंटर्नशिप हवीय त्याला दोन वर्षांचा कोर्स जास्त सोयीचा पडू शकतो.

माहिती ब्रोशरमधून नाही, माणसांकडून काढा. प्रत्येक स्कूलच्या दोन-तीन तरी विद्यार्थ्यांशी किंवा माजी विद्यार्थ्यांशी बोला. मेसेज छोटा ठेवा: मी अमुक क्षेत्रात काम करते, अप्लाय करतेय, वीस मिनिटं द्याल का, मला एवढे दोन प्रश्न विचारायचेत. "कॅम्पस लाईफ कशी आहे" असलं विचारू नका, त्याचं उत्तर साईटवर आहे. "तुम्ही आल्यावर तुमचा कुठला विचार बदलला" किंवा "पहिल्या सेमिस्टरला काय जड गेलं" हे विचारा, लोक मनापासून बोलायला लागतात. आणि लगेच टिपून ठेवा, कारण तीन महिन्यांनी कोण काय म्हणालं ते आठवत नाही.

निबंधात "हेच स्कूल का" लिहून झालं की एक करून बघा, स्कूलचं नाव पुसून दुसऱ्याचं टाका. परिच्छेद तसाच्या तसा चालत असेल तर तो काढून टाका. "जागतिक दर्जाचे प्राध्यापक आणि विविधतेने नटलेला वर्ग" हे कुठेही चालतं. माझ्या मित्राने लिहिलं होतं की मला अमुक एक कोर्स हवाय कारण त्यात विद्यार्थ्यांना कारखान्यात नेऊन काम बघायला लावतात, मी एका विद्यार्थिनीशी बोललो, तिच्या टीमने तिथे काय पाहिलं ते तिने सांगितलं, आणि माझी स्कॅनरवाली चूक तिथे पहिल्याच दिवशी पकडली गेली असती. हे दुसऱ्या स्कूलला पाठवताच येत नाही.

पायरी ५: रेझ्युमे

एक पान. दहा वर्षांचा अनुभव असला तरी शक्यतो एकच. नोकरीसाठीचा रेझ्युमे तसाच टाकू नका, त्यात सॉफ्टवेअरची नावं आणि कंपनीतले शॉर्टफॉर्म भरलेले असतात, इथे वाचणारा तुमच्या क्षेत्रातला नसतो.

मित्राची आधीची ओळ: "वेअरहाऊस डिजिटायझेशन प्रोजेक्टमध्ये क्रॉस-फंक्शनल स्टेकहोल्डर्ससोबत काम करून प्रोसेस एफिशियन्सी वाढवली." नंतरची ओळ: "कोल्ड स्टोरेजमध्ये नवे स्कॅनर न वापरण्याचं कारण तीन रात्रपाळ्या पाहून शोधलं, निवड बदलायला व्यवस्थापनाला राजी केलं, कागदी नोंदी पूर्ण बंद झाल्या." दुसऱ्या ओळीत माणूस दिसतो, आणि इंटरव्ह्यू घेणारा हमखास विचारणार की काय झालं होतं ते सांगा, आणि मग तुम्ही तुमच्या मैदानात.

आकडे टाका पण ज्याचा हिशोब तोंडी देता येईल तेवढेच. ॲडमिशन मिळाल्यावर बरीच स्कूल्स नोकरी, पगार, मार्कशीट सगळ्याची पडताळणी करतात आणि खोटं निघालं तर दिलेली जागा काढून घेतात. फुगवू नका.

पायरी ६: निबंध

प्रत्येक स्कूलचा प्रश्न वेगळा आणि तो का विचारलाय ते आधी समजून घ्या. स्टॅनफर्ड कित्येक वर्षं एकच विचारतंय, तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं काय आहे आणि का, आणि हा व "स्टॅनफर्डच का" हा दुसरा असे दोन्ही निबंध मिळून हजार शब्दांची मर्यादा. तिथे नोकरीतल्या यशाची यादी दिली तर प्रश्न कळलाच नाही असं होतं, त्यांना "का" वाचायचंय. हार्वर्डने २०२४ मध्ये जुना मोकळा निबंध काढून तीन छोटे प्रश्न आणले, अडीचशे-तीनशे शब्दांचे, म्हणजे प्रस्तावनेला जागाच नाही, पहिल्या ओळीपासून मुद्दा. एमआयटी स्लोनला निबंधाऐवजी तीनशे शब्दांचं कव्हर लेटर लागतं, सोबत तुमच्या ऑफिसचा ऑर्ग चार्ट (कोण कोणाच्या हाताखाली याचा तक्ता) आणि एक मिनिटाचा व्हिडिओ. ड्यूक युनिव्हर्सिटीचं फुक्वा स्कूल स्वतःबद्दलच्या पंचवीस रँडम गोष्टी मागतं, आणि मला तो प्रकार फार आवडतो कारण त्यात माणूस लपत नाही. प्रश्न दरवर्षी बदलू शकतात, म्हणून मागच्या वर्षीचे नमुने वाचून लिहायला घेऊ नका, साईटवर ताजा प्रश्न बघूनच सुरुवात करा.

आता लिहायचं कसं. मित्राचा पहिला ड्राफ्ट असा सुरू व्हायचा: "लीडरशिप म्हणजे लोकांना सोबत घेऊन जाणं असं मी मानतो. माझ्या कारकिर्दीत मला अनेक आव्हानांचा सामना करावा लागला." दोन वाक्यं संपली आणि वाचणाऱ्याला काहीही कळलेलं नाही. शेवटचा ड्राफ्ट असा सुरू झाला: "रात्री दोन वाजता एका कामगाराने माझ्यासमोर उजवा हातमोजा दातांनी ओढून काढला, स्क्रीनवर बोट टेकवलं, परत घातला, आणि पुढच्या पेटीकडे गेला. मी मोजत होतो. बारा मिनिटांत नऊ वेळा. त्यानंतर त्याने खिशातून कागद काढला." इथे लीडरशिप हा शब्दच नाही. पण पुढच्या परिच्छेदात जेव्हा तो लिहितो की ती मशीन्स मी निवडली होती, तेव्हा वाचणारा पुढे वाचणारच.

पण नुसता प्रसंग रंगवून थांबू नका, ही दुसऱ्या टोकाची चूक आहे आणि छान लिहिणारे लोक हमखास करतात. साधारण एक तृतीयांश काय झालं, उरलेलं सगळं तुम्ही काय विचार केला, काय ठरवलं, त्यामुळे तुमच्या वागण्यात नंतर काय बदललं. मित्राने शेवटी लिहिलं होतं की आता कुठलीही खरेदी मंजूर करण्याआधी तो वापरणाऱ्या माणसासोबत एक पाळी काढतो, आणि त्याने तसं पुढच्या दोन खरेद्यांच्या वेळी खरंच केलं होतं. बदल दाखवायचा तर असा, "मी नम्र झालो" असं लिहून तो दिसत नाही.

अजून काही बारीक गोष्टी. एका निबंधात एकच प्रसंग घ्या, तीन कोंबले की तिन्ही वाया जातात. ज्या भाषेत विचार करता त्या भाषेत आधी बोलून रेकॉर्ड करा आणि मग लिहा, खूप फरक पडतो, मी दुसऱ्या वर्षी सगळे निबंध आधी फोनवर बोलून घेतले होते. ड्राफ्ट दोनच जणांना दाखवा, एक जो तुम्हाला नीट ओळखतो, त्याला विचारायचं की "ही मीच वाटते का", आणि एक जो अजिबात ओळखत नाही, त्याला वाचून झाल्यावर कागद बाजूला ठेवून तुमच्याबद्दल दोन वाक्यं सांगायला लावायची. आठ-दहा जणांना दाखवलं की प्रत्येक जण एकेक टोक घासतो आणि शेवटी गुळगुळीत गोटा उरतो.

एआय टूल्सबद्दल पण सगळे विचारतात. बऱ्याच स्कूल्सनी यावर आपापले नियम जाहीर केलेत, ते वाचा आणि पाळा. मला विचाराल तर व्याकरण तपासायला ठीक, पण निबंध त्याच्याकडून लिहून घेऊ नका, कारण हातमोजा दातांनी ओढला होता हे फक्त तुम्हालाच माहीत असतं.

पायरी ७: शिफारसपत्रं

माझा पहिला अर्ज पडला त्यात याचा मोठा हात होता असं मला आजही वाटतं. मी ऑफिसमधल्या सगळ्यात मोठ्या पदावरच्या सरांना विचारलं, ते हो म्हणाले, आणि मग डेडलाईनच्या आधी चार दिवस फोन आला, "अगं तूच लिही ना, मी सही करतो." स्कूल्स याला स्पष्ट मनाई करतात, मी नाही म्हटलं, मग त्यांनी घाईत एक पत्र पाठवलं. ते मी कधी पाहिलं नाही, पण ज्या माणसाने माझ्यासोबत एकही प्रोजेक्ट केला नव्हता तो लिहून लिहून काय लिहिणार?

म्हणजे पद बघू नका, तुमचं काम रोज जवळून कोणी बघितलंय ते बघा. बऱ्याच स्कूल्समध्ये शिफारस करणाऱ्याला ठराविक प्रश्न असतात, त्यातला एक असा की त्याच दर्जाच्या इतर लोकांच्या तुलनेत हा कसा आहे, आणि दुसरा, तुम्ही याला दिलेला सगळ्यात महत्त्वाचा सुधारणेचा सल्ला कुठला आणि त्यावर याने काय केलं. या दुसऱ्या प्रश्नाला प्रसंगासकट उत्तर फक्त जवळून बघणाराच देऊ शकतो. माझ्या मित्राच्या मॅनेजरने तिथे लिहिलं की मी त्याला सांगितलं होतं, तू टेबलावर बसून फार लवकर ठरवतोस, आणि मग स्कॅनरची गोष्ट मॅनेजरच्या बाजूने आली. निबंध आणि पत्र एकच प्रसंग दोन खिडक्यांतून दाखवत होते.

विचारताना दोन-अडीच महिने आधी विचारा, मेसेजवर नको, समोर बसून. आणि असं विचारा: "सर, तुम्हाला माझ्याबद्दल मनापासून चांगलं लिहिता येईल का? वेळ नसेल तर मोकळेपणाने सांगा, मला वाईट वाटणार नाही." नाही म्हणायला वाट ठेवली की खरं उत्तर मिळतं. हो म्हणाले की त्यांना एक पान द्या, त्यात डेडलाईन, प्रश्न, सोबत केलेल्या चार-पाच कामांची आठवण, त्यात काय चुकलं होतं तेही, आणि तुम्ही एमबीए का करताय. लिहायचं त्यांनीच, तुम्ही फक्त आठवण करून द्यायची. सध्याच्या बॉसना कळू द्यायचं नसेल तर आधीचे बॉस, क्लायंट किंवा दुसऱ्या टीमचे सीनिअर चालतात, फक्त कारण ऑप्शनल निबंधात (त्याबद्दल पुढच्या पायरीत) दोन ओळींत लिहा.

पायरी ८: फॉर्म आणि ऑप्शनल निबंध

फॉर्म शेवटच्या रात्री भरू नका. त्यात छोटे छोटे चौकोन असतात, नोकरी का सोडली, सगळ्यात मोठं आव्हान कुठलं, कामाबाहेर काय करता, आणि हे सगळं वाचलं जातं. कामाबाहेरच्या गोष्टींत दहा नावं टाकण्यापेक्षा दोन टाका ज्यात वर्षानुवर्षं आहात.

ऑप्शनल निबंध फक्त खुलाशासाठी. एका सेमिस्टरला मार्क कमी पडले, सहा महिने गॅप आहे, असं काही असेल तर काय झालं, का झालं, त्यानंतर काय केलं, तीन-चार वाक्यांत. रडगाणं नको, माफी नको. खुलासा नसेल तर रिकामा सोडा, कोणी वाईट मानत नाही.

पायरी ९: इंटरव्ह्यू आणि व्हिडिओ

इंटरव्ह्यूचे प्रकार आधी बघून घ्या कारण तयारी वेगळी लागते. हार्वर्डमध्ये अर्धा तास, आणि समोरच्याने तुमची पूर्ण फाईल वाचलेली असते. व्हार्टनमध्ये पाच-सहा अर्जदारांना एकत्र बसवून ३५ मिनिटांची चर्चा, तिथे सगळ्यात जास्त बोलणारा जिंकतो असं समजू नका, गप्प बसलेल्याला नावाने विचारणारा आणि वेळेवर सगळ्यांना एका उत्तरापर्यंत आणणारा लक्षात राहतो. इन्सियाडला साधारणपणे दोन वेगवेगळे माजी विद्यार्थी इंटरव्ह्यू घेतात. काही ठिकाणी समोरच्याने फक्त रेझ्युमे वाचलेला असतो, तिथे निबंधातली गोष्ट परत पहिल्यापासून सांगावी लागते.

तयारी म्हणजे उत्तरं पाठ करणं नको, पाठ केलेलं लगेच कळतं. पायरी १ ची वही उघडा, दहा-बारा प्रसंग प्रत्येकी दोन मिनिटांत तोंडी सांगायची सवय करा, मग प्रश्न कसाही फिरवून आला तरी त्यातला एक बसतो. काही स्कूल्स प्रश्न दाखवून कॅमेऱ्यासमोर उत्तर रेकॉर्ड करायला लावतात, त्या व्हिडिओ प्रश्नांना तयारीला अर्धा-एक मिनिटच मिळतं, म्हणून फोन समोर ठेवून अनोळखी प्रश्नांवर बोलायचा सराव करा. पहिले पाच-सहा व्हिडिओ बघवत नाहीत, मग सुधारतं.

वेटलिस्ट लागली किंवा नकार आला तर

वेटलिस्टवर असाल तर स्कूल काय पाठवायला सांगतंय ते आधी वाचा, काही जण अपडेट मागतात, काही जण काहीच पाठवू नका म्हणतात, ते ऐका. अपडेट चालत असेल तर एक पान पुरे, अर्जानंतर खरंच काय नवीन झालं तेवढं.

नकार आला तर पुढच्या वर्षी परत अप्लाय करता येतं, आणि बरीच स्कूल्स परत येणाऱ्यांसाठी वेगळा छोटा निबंध ठेवतात, गेल्या अर्जानंतर काय बदललं हे विचारणारा. तुमची जुनी फाईल त्यांच्याकडे असू शकते, त्यामुळे दोन्ही वर्षांची माहिती जुळली पाहिजे. मी दुसऱ्या वर्षी जुना आणि नवा अर्ज प्रिंट काढून टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, तारखा, पदांची नावं, आकडे एकेक करून पेन्सिलने टिक करत गेले. एका नोकरीचा जॉइनिंगचा महिना वेगळा निघाला. जुनं ऑफर लेटर शोधून काढलं, तारीख बघितली, नव्या फॉर्ममध्ये दुरुस्त केली आणि मग सबमिट केलं.